तांबटाचा कान

उस्ता शुक्रूला मी काचेच्या खोलीत बसवते.
कानांवर टोप्या, हातात बटण.
"बीप आली की दाबायचं. कितीही बारीक असली तरी."
तो दाबायला लागतो.
मी अजून काहीच वाजवलेलं नाही.

"रातकिडे," तो म्हणतो.
"चौदा वर्षं झाली, थंडीतही जात नाहीत."

अन्तेपच्या तांबट गल्लीत पन्नास वर्षं
अकरा हातोड्या एका छपराखाली.
नवा पोऱ्या कानात कापूस घालून आला
तर गल्ली हसायची. हाही हसला.
"तांबं ऐकावं लागतं, पोरी.
कुठे जाड राहिलं, कुठे पातळ झालं,
ते तांबंच सांगतं."

कान कसा चालतो ते याला समजावणं सोपं,
हत्यारं सगळी ओळखीची.
पडद्याला टेकलेली हातोडी, तिला भिडलेली ऐरण,
पुढे रिकीब, तांदळाच्या कणीएवढी.
"म्हणजे आतही माझंच दुकान?"
हो. फक्त तिथे ठोका पाण्यावर पडतो.
शंखाच्या अडीच वळणांत पाणी हेलावतं,
पाण्यातलं केसांचं शेत वाकतं,
आणि वाकण्याचीच वीज होऊन मेंदूकडे जाते.
बारीक आवाज दारातच उतरतात,
जाड आवाज पार शेवटच्या वळणापर्यंत जातात.
जाताना दारावरूनच जातात मात्र सगळे.
उंबरठा आधी झिजतो.

लग्नाच्या वरातीनंतर कान बधिर होतात ना,
सकाळी शेत पुन्हा उभं राहतं.
रोज वरात असेल तर
एक दिवस आडवं पडलेलं आडवंच राहतं.
कोंबड्यांत म्हणे ते पुन्हा उगवतं.
"मग कोंबडाच व्हायला हवं होतं," उस्ता म्हणतो.

कागदावर त्याची रेघ बरी चालत जाते
आणि चार हजारांपाशी विहिरीत पडते.
त्या विहिरीत काय काय आहे:
चहाच्या पेल्यातला चमचा, नातीची कुजबुज,
आणि बायकोच्या नावातला स, नावातला फ.
सफिये.
त्याला ऐकू येतं: अ... इये.
स्वर घरी पोचतात, व्यंजनं वाटेत गळतात,
आणि घरचे म्हणतात, म्हातारा हवं तेवढंच ऐकतो.

बाहेर बाकावर अलेप्पोचा मुआझ, वय नऊ.
त्याची रेघही अशीच पडलेली.
पन्नास वर्षांऐवजी एक दुपार, एवढाच फरक.
शेजारी नुर्तेन, क्षयाच्या इंजेक्शनांनी वाचली,
त्या इंजेक्शनांनीच कान नेले.
ती दोघं खाणाखुणांनी भांडतायत,
खिडकीजवळची जागा कुणाची यावरून.

यंत्र बसवलं तेव्हा उस्ता दचकला.
"माझी विजार बोलते!"
मग वर्तमानपत्र चुरगाळून पाहिलं, पुन्हा पुन्हा.
मी बजावलं, मेलेला केस यंत्राने उठत नाही,
ते फक्त उरलेल्यांना मोठ्याने हाका मारतं.
मान हलवली. ऐकलं की नाही, कोण जाणे.

पुढच्या खेपेला त्यानेच सांगितलं.
ऑगस्ट अखेर, सासऱ्याच्या बागेत, चांदण्यात,
पिस्ते तडकायच्या रात्री.
कवच फुटतं, टच्, मग दुसऱ्या झाडावर टच्.
लग्नाआधी तो आवाज ऐकायला
दोघं चोरून गेली होती.
या वर्षी यंत्र लावून गेला.
वारा आला, कुत्रं आलं, सफियेचा श्वास आला.
पिस्ते नाही आले.

तिने काही विचारलं नाही.
त्याचा हात घेतला, आणि
एक फुटला की तळव्यावर एक बोट.
टच्.
बराच वेळ काही नाही. मग दोन, लागोपाठ.
"या तळव्याला तसं काही कळत नाही," तो मला म्हणाला,
"घट्टे आहेत नुसते. पण कळलं."

मग बोट थांबलं.
झाडं थांबली की ती झोपली,
त्याला समजेना.
विचारावं तर ती जागी व्हायची.
तो हात उघडाच ठेवून
बसून राहिला.